मुक्त शिक्षणाचे ऑनलाइन वर्ग: सातारा-सांगलीकडे नेमकं काय चालतं, कुठे अडतं?

वाटाड्या

अभ्यासकेंद्रांवरची संपर्क सत्रं आता बऱ्याच ठिकाणी अर्धी समोरासमोर आणि अर्धी ऑनलाइन होतात. विद्यापीठ कोणतंही असो, आपल्या दोन जिल्ह्यांतला विद्यार्थी साधारण सारखाच असतो. एमआयडीसीत पाळीवर जाणारा, तासगाव-पलूसकडे द्राक्षबागेत राबणारा, दूध संकलनावर बसणारा, लग्नानंतर शिक्षण सुटलेली सून, सीमेवरचा जवान, आणि खानापूर-आटपाडीकडची गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यासाठी परराज्यात राहणारी मंडळी.

धागा काढण्याचं कारण असं, की ऑनलाइन म्हटलं की सगळ्यांचं बोलणं 'लेक्चर कोणत्या ॲपवर घ्यायचं' इथेच सुरू होतं आणि तिथेच संपतं. वर्गाची वेळ कशी ठरवावी, डेटा कमी खाणारे धडे कसे करावेत, स्वाध्याय कसे मागवावेत आणि तपासावेत, आणि माणसं मध्येच गळू नयेत म्हणून काय करावं? ज्यांना हे काम येतं त्यांनी जरा तपशिलात लिहा. 'विद्यार्थ्यांना रसच नाही' हे सोडून बाकी सगळं चालेल.

माणदेशी

वेळेपासून सुरू करतो, कारण निम्मी गळती तिथेच होते.

पाळीचं गणित कागदावर मांडून बघा. तीन पाळ्या दर आठवड्याला फिरत असतील आणि तुमचा वर्ग दर मंगळवारी रात्री ८ ला असेल, तर दुपारपाळीचा एक गट प्रत्येक वेळी बाहेर राहतो. पुढच्या आठवड्यात तो गट मोकळा होतो आणि दुसरा अडकतो. म्हणजे कुणालाच तीन वर्ग सलग मिळत नाहीत. हजेरी ६० टक्क्यांच्या पुढे दिसते म्हणून शिक्षक निर्धास्त, आणि शिकणाऱ्याच्या हाती मात्र प्रत्येक घटकाचे तुकडे.

त्यावर तोडगा सोपा आहे. प्रत्येक वर्ग स्वतःपुरता पूर्ण ठेवायचा, 'मागच्या वेळी आपण पाहिलं' या वाक्यावर उभा राहणारा वर्गच घ्यायचा नाही. आणि तोच वर्ग आठवड्यात दोन वेगळ्या वेळांना घ्यायचा, एक रात्री आणि एक रविवारी सकाळी. दुप्पट काम वाटतं, पण दुसऱ्यांदा तयारी नसते.

शेतीचं वेळापत्रकही भिंतीवर लावा. द्राक्षाची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यानंतर डाऊनी रोगाच्या फवारण्या आणि विरळणी, त्या काळात बागायतदार संध्याकाळी फोन उचलत नाही. उसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. हळद काढणं, शिजवणं, वाळवणं जानेवारीपासून मार्चपर्यंत. वर्षातला पहिला स्वाध्याय ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवला की पलूस-तासगावची पोरं गेलीच म्हणून समजा. तोच ऑगस्टमध्ये घ्या. विद्यापीठाच्या शेवटच्या तारखेला आपल्याला हात लावता येत नाही, पण केंद्राची आतली तारीख तिच्या आधी कुठेही टाकता येते.

टॉवरखाली

डेटाचं बोलू. व्हिडिओ चालू असलेल्या गटवर्गाला सेकंदाला साधारण १ मेगाबिट धरलं तर तासाला ४५० एमबी होतात. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये हे बसतं असं वाटेल, पण तो फोन घरात एकट्याचा नसतो. आणि पाटण-जावळीच्या डोंगरात किंवा शिराळ्याच्या पश्चिमेला १ मेगाबिट सलग मिळतच नाही. झूमवर नुसता आवाज ठेवला तर सेकंदाला ६० ते ८० किलोबिट पुरतात, म्हणजे तासाला ३० एमबीच्या आसपास. शिक्षकाचा चेहरा दिसला नाही तर काही बिघडत नाही. आवाज तुटला की मात्र वर्ग संपला.

त्यामुळे मूळ धडा ऑडिओ आणि सोबत पीडीएफ, हीच जोडी आपल्याकडे टिकते. कृती अशी:

फोन विमान मोडवर टाका. खोलीत गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असेल तर तिथे बसा. फरशी आणि उघड्या भिंती असल्या की आवाज घुमतो. पंखा बंद. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा तिरका धरा, नाहीतर 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुंकर बसते. सुरुवातीला पाच सेकंद काही बोलू नका. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये याच शांत तुकड्याचा नमुना घेऊन मागची घरघर काढता येते. मग आवाजाची पातळी सारखी करा आणि मोनोमध्ये ४८ केबीपीएस एमपी३ काढा. दहा मिनिटांचा धडा ३.६ एमबी होतो. ३२ केबीपीएस केला तर २.४ एमबी, पण तिथे 'स' आणि 'श' शिट्टीसारखे ऐकू यायला लागतात. भाषेच्या विषयाला ४८ च ठेवा.

एका धड्यात एकच मुद्दा, आठ ते दहा मिनिटांत. फाइलला नाव देताना आकड्याआधी शून्य लावा (०१, ०२), नाहीतर यादीत २ च्या आधी १० येतो. आणि फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलेलं बरं. देवनागरी नावांच्या फाइली झिप करून पाठवल्या की काही जुन्या संगणकांवर नावाच्या जागी चौकोन उमटतात.

वाईकर

टॉवरखाली, व्हॉट्सॲप ग्रुपवर धडे टाकण्याबद्दल काय मत? सगळे तेच करतात.

टॉवरखाली

सूचनांसाठी ठीक, साठवणीसाठी वाईट. उशिरा प्रवेश घेतलेल्याला आधीचं काही आपोआप दिसत नाही, आणि मुक्त शिक्षणात उशिरा येणारेच जास्त. त्यात शुभ सकाळच्या फुलांखाली धडा गाडला जातो. धडे गुगल क्लासरूमवर, ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये किंवा टेलिग्रामवर ठेवा. टेलिग्रामच्या चॅनेलवर नव्या माणसाला जुनं सगळं दिसतं. व्हॉट्सॲपवर फक्त लिंक आणि तारीख टाका, ग्रुपवर संदेश पाठवण्याची मुभा ॲडमिनपुरती ठेवा, आणि शंकांसाठी वेगळा ग्रुप करा.

आणखी एक. हाताने लिहिलेलं पान फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं आणि पेन्सिलीची अक्षरं जातात. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं पोचतं. हे पहिल्या वर्गातच शिकवा, विषय नंतर.

लालशाई

वर धड्यांवर चर्चा झाली, पण दूरशिक्षणात खरं शिकवणं होतं ते तपासलेल्या कागदावर. पत्रद्वारा शिक्षणाचं तंत्रच ते होतं. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली असे अभ्यासक्रम सुरू केले तेव्हा ना व्हिडिओ होता ना ॲप. छापील पाठ जायचे, उत्तरं यायची, शेरे परत जायचे. आज पाठ शंभर ठिकाणी फुकट मिळतात. शेरे कुठेच मिळत नाहीत.

आधी कागद मागवण्याचं. सूचना एवढीच द्या: ए४ पान, निळा किंवा काळा पेन, प्रत्येक पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात नोंदणी क्रमांक आणि 'पान ३ पैकी १'. दिवसा खिडकीजवळ, वही जमिनीवर ठेवून, बरोबर वरून स्कॅन. रात्री ट्यूबखाली काढलं की फोनची सावली नेमकी मधल्या ओळींवर पडते. स्कॅनिंगच्या ॲपमध्ये करड्या रंगाची सेटिंग निवडायची आणि सगळ्या पानांची मिळून एकच पीडीएफ करायची. चौदा सुटे फोटो आले तर ते नम्रपणे परत पाठवा. एकदा स्वीकारले की वर्षभर तसेच येतात, आणि पानं जुळवण्यात तुमचा तपासण्याइतकाच वेळ जातो.

आता शेरा. एक उदाहरण घेऊ. अर्थशास्त्राचा प्रश्न, मागणीचा नियम. विद्यार्थ्याचं उत्तर: 'किंमत वाढली की मागणी कमी होते, म्हणून मागणी वक्र डावीकडे सरकतो.' यावर लाल रेघ मारून '१/४' दिले तर तो काहीच शिकत नाही. 'संकल्पना स्पष्ट नाही' लिहिलं तरी नाही, कारण कोणती संकल्पना हेच त्याला कळत नाही. असा शेरा लिहा:

'पहिलं अर्धं वाक्य बरोबर. दुसऱ्यात गडबड आहे. बेदाण्याचा भाव वाढला म्हणून लोकांनी कमी घेतला, तर आपण त्याच वक्रावर वरच्या बिंदूकडे जातो. याला मागणीचा संकोच म्हणतात. वक्र सरकत नाही. पण भाव तोच असताना दिवाळीमुळे बेदाणा जास्त खपला, तर अख्खा वक्र उजवीकडे सरकतो. ती मागणीतली वृद्धी. आता सांगा: बेदाण्याऐवजी लोक खजूर घ्यायला लागले, तर बेदाण्याच्या वक्राचं काय होईल? दोन ओळींत उत्तर पाठवा.'

यात तीन गोष्टी आहेत. काय बरोबर ते आधी, नेमकी एकच चूक, आणि शेवटी छोटं काम. तिसरी गोष्ट राहिली तर शेरा वाचून बाजूला ठेवला जातो. एका उत्तरात पाच चुका असल्या तरी एकच निवडा, जी सुधारली की बाकीच्या दोन आपोआप सुटतील अशी.

वाटाड्या

लालशाई, हे सुंदर आहे, पण ६० विद्यार्थी असतील तर? एकाला दहा मिनिटं धरली तरी सलग १० तास झाले. तासिका तत्त्वावरचा माणूस एवढा वेळ कुठून आणणार?

लालशाई

बरोबर. म्हणून शेरे साठवून ठेवायचे. पहिले १५ कागद नीट तपासले की दिसतं, चुका जास्तीत जास्त आठ-दहा प्रकारच्याच असतात. प्रत्येकीचा वरच्यासारखा पूर्ण शेरा एकदा लिहा, त्याला क्रमांक द्या आणि त्याची एक पीडीएफ सगळ्यांना पाठवा. पुढच्या कागदांवर फक्त 'शेरा ४ पाहा, त्याखालचा प्रश्न सोडवा' एवढं लिहायचं. कागदाला तीन-चार मिनिटं पुरतात. ज्यांचं उत्तर या यादीत बसत नाही अशा पाच-सहा जणांना एका मिनिटाचा ऑडिओ शेरा द्या. बोलणं लिहिण्यापेक्षा लवकर होतं, आणि सूर कळल्यामुळे माणूस दुखावतही नाही.

आणि परत पाठवायची मुदत दहा दिवसांच्या आत. महिन्याने गेलेला शेरा कोणी उघडत नाही. तोवर डोक्यातून प्रश्नच गेलेला असतो.

नीराकाठ

गाइडमधून उतरवून काढण्याचं काय? आता तर एआयकडून लिहून आणतात. साठ कागदांत चाळीस सारखे.

लालशाई

विद्यापीठाने दिलेले अंतर्गत गुणांचे प्रश्न आपल्याला बदलता येत नाहीत, तिथे फार करण्यासारखं नाही. पण सरावाचे प्रश्न आपले असतात. ते असे काढा, की माहिती विद्यार्थ्याच्याच घरातून आली पाहिजे. 'दूध दर निश्चिती स्पष्ट करा' असं विचारू नका. 'तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या आठवडाभराच्या दूधपावत्या घ्या. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ज्या दिवशी सगळ्यात कमी लागला त्या दिवशी लिटरमागे किती रुपये कापले? दरपत्रकावरून हिशेब दाखवा आणि पावतीचा फोटो जोडा' असं विचारा. हे एआयला विचारायचं झालं तरी आधी पावत्या गोळा कराव्याच लागतात, आणि तोवर निम्मं शिकून होतं. शंका आलीच तर पाच मिनिटांचा फोन: 'तुम्ही तिसऱ्या पानावर हा आकडा कसा काढला?' आरोप करायचा नाही, नुसतं विचारायचं.

वाईकर

थोडा विरोधी सूर लावतो. ऑडिओ, पीडीएफ, शेरे सगळं मान्य, पण थेट वर्ग कमी लेखू नका. घरात एकट्याने अभ्यास करणाऱ्या बाईला आपल्यासारख्या आणखी वीसजणी अडल्यात हे ऐकू येणं मोठी गोष्ट आहे. फक्त त्या वर्गात व्याख्यान देऊ नये. झूमच्या फुकट योजनेत गटाला ४० मिनिटं मिळतात, लोक त्यावर कुरकुरतात. मला तर ती मर्यादा बरी वाटते.

वर्गाआधी दोन दिवस एक ऑडिओ आणि एक प्रश्न पाठवायचा. वर्गात पहिली पाच मिनिटं आवाज येतो का वगैरे, त्यात मुद्द्याचं काही बोलायचं नाही. मग एक प्रश्न पडद्यावर, पर्याय अ, ब, क. सगळ्यांनी चॅटमध्ये फक्त अक्षर टाकायचं. फोनवर मराठी टाइप करायला वेळ लागतो, वाक्य मागितलं की तेच ते चार जण लिहितात. अक्षर मागितलं तर वीस येतात. आणि थांबायचं, किमान २० सेकंद. आपला आवाज त्यांच्याकडे उशिरा पोचतो, त्यांचं अक्षर आपल्याकडे उशिरा येतं. पाच सेकंद शांतता झाली की शिक्षक घाबरून स्वतःच उत्तर सांगून टाकतो. इथेच वर्ग मरतो.

उत्तरं फाटली, समजा निम्मे अ आणि निम्मे क, तर तो प्रश्न चांगला. अ वाल्यातल्या एकाला माइक द्या, क वाल्यातल्या एकाला द्या, मग पुन्हा अक्षर मागा. एका वर्गात असे तीन प्रश्न झाले तरी भरपूर. 'समजलं का?' हा प्रश्न मात्र कायमचा बंद. त्याचं उत्तर नेहमी 'हो सर' असंच येतं.

माणदेशी

वाईकर +१. २० सेकंदांचं तर शंभर टक्के.

हळदीबाजार

गुगल फॉर्मवर चाचणी घेणाऱ्यांसाठी थोडं.

उत्तर टाइप करायला लावलं तर फॉर्म अक्षरशः जुळवून बघतो. 'दुष्काळ' आणि 'दुश्काळ' वेगळे. मराठी ५ आणि इंग्रजी पाचाचा आकडा वेगळे. एक तर दोन्ही रूपं बरोबर उत्तरांच्या यादीत घाला, नाहीतर पर्यायी प्रश्नच ठेवा. चुकीचे पर्याय मनाने बनवू नका, स्वाध्यायांत प्रत्यक्ष झालेल्या चुका उचला. लालशाईंची शेऱ्यांची यादी इथे आयती कामाला येते.

फाइल जोडायचा प्रश्न घातला की लॉगिन सक्तीचं होतं, आणि ती फाइल तुमच्या ड्राइव्हची जागा खाते. फुकट खात्यात सगळं मिळून १५ जीबी, त्यात जीमेलही आलं. 'एकच प्रतिसाद' अशी मर्यादा घातली तरी लॉगिन लागतं. आता फोन घरात एक, खातं सासऱ्यांच्या नावाचं, शिकणाऱ्या जावा दोघी. एकीने फॉर्म भरला की दुसरीला भरताच येत नाही, आणि ईमेल नोंदवण्याची सेटिंग चालू असेल तर पहिलीचा प्रतिसादही सासऱ्यांच्या ईमेलवरून आलेला दिसतो. म्हणून ती मर्यादा काढा, आणि नोंदणी क्रमांक हा पहिला सक्तीचा प्रश्न ठेवा. दोनदा आलेले प्रतिसाद शीटमध्ये क्रमांकावरून लावून काढता येतात.

नीराकाठ

प्रवेश घेणाऱ्यांसाठीही कुणीतरी लिहा. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर 'घरबसल्या पदवी' चे फलक आहेत.

वाटाड्या

थोडक्यात लिहितो. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीखाली चालते. नुसतं विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही. तो अभ्यासक्रम, त्या पद्धतीने, त्या सत्रासाठी मान्य आहे का हे आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर बघायचं. तसा असेल तर ती पदवी नियमित पदवीशी समकक्ष, हे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, विधी यांच्या पदव्या या मार्गाने मिळत नाहीत. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रही बंद आहे. फ्रँचायझीला मनाई आहे, त्यामुळे 'आम्हीच परीक्षा पास करून देतो' म्हणणाऱ्या दुकानाच्या पायऱ्या चढू नका.

आपल्याकडे सहज मिळणारे पर्याय: नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९), इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५), आणि शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र. अवांतर: ज्यांच्या नावाने नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे त्या यशवंतरावांचा जन्म आपल्याच कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्यात झाला, हे इथल्या विद्यार्थ्यांना सांगितलं की बरं वाटतं.

वेळेचा अंदाज प्रवेशाच्या दिवशीच द्या. इग्नूत १ श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ४ श्रेयांकांचा पेपर १२० तासांचा. सहा महिन्यांत तो बसवायचा तर आठवड्याला साधारण पाच तास, एका पेपरला. एका वेळी चार पेपर घेतले तर वीस तास. पाळीवरच्या माणसाने हा आकडा आधीच बघितलेला बरा, कारण मुदत वाढवून सावकाश पदवी घेण्याची सोय मुक्त शिक्षणातच आहे.

माणदेशी

एनपीटीईएल (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) करणाऱ्यांसाठी जोड: आठवड्याचे स्वाध्याय २५ गुण आणि केंद्रावरची परीक्षा ७५. प्रमाणपत्राला स्वाध्यायात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात, दोन्ही वेगवेगळे. बारा आठवड्यांच्या कोर्सला सगळ्यात चांगले आठ स्वाध्याय धरतात. म्हणजे छाटणीत दोन आठवडे बुडले तर घाबरायचं कारण नाही, पण सुरुवातीचे चार सोडू नका. सुट्टीचा साठा शेवटासाठी ठेवा.

लालशाई

गळतीबद्दल राहिलं. जो पहिला स्वाध्याय देत नाही तो बहुधा परीक्षेलाही येत नाही. म्हणून पहिला स्वाध्याय प्रवेशानंतर तीन आठवड्यांच्या आत आणि मुद्दाम लहान ठेवायचा, एक पान. मुदत संपल्यावर दोन दिवसांत, ज्यांचा आला नाही त्यांना फोन. 'का नाही दिला?' म्हणायचं नाही. 'पहिल्याच प्रश्नाच्या चार ओळी लिहून पाठवा, दुसरा राहू द्या' म्हणायचं. गृहिणींना दुपारी दोन ते चार, जेवणं आवरल्यावर. जवानांना फोन लागत नाही, त्यांना लेखी संदेश ठेवा आणि उत्तराची मुदत मोकळी सोडा.

हळदीबाजार

एक शंका. अर्थशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र यांत आलेख असतात. ऑडिओवर आलेख शिकवायचा तरी कसा?

टॉवरखाली

आधी एका पानाची पीडीएफ, तीत फक्त अक्ष आणि बिंदू, वक्र काढलेला नाही. बिंदूंना क, ख, ग अशी मोठी अक्षरं. ऑडिओत सांगायचं: 'पेन घ्या. आडव्या अक्षावर नग, उभ्यावर किंमत. क पासून ख पर्यंत रेघ ओढा. आता धडा थांबवा, आणि किंमत वाढली की आपण कोणत्या दिशेला गेलो तो बाण काढा.' मग पाच सेकंद रिकामे सोडा, म्हणजे थांबवायला विसरलेल्यालाही वेळ मिळतो. 'इथे', 'असा', 'हा' हे शब्द पूर्ण वर्ज्य, प्रत्येक वेळी बिंदूचं नाव घ्यायचं. धडा झाल्यावर भरलेलं पान स्कॅन करून मागवा. कुणाचा बाण उलटा गेलाय ते पान बघताच कळतं, आणि त्याला लालशाईंचा शेरा ४ पाठवायचा.

हळदीबाजार

समजलं. अक्षांची ती कोरी पीडीएफ असेल तर इथे डकवा, प्रत्येकाने नव्याने करत बसायला नको.